जूनच्या बैठकीआधीची जोडणी

शाळा उघडली की पंधरवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लागते. गणवेशाचा विषय होतो, गळक्या खोलीचा होतो, चहा येतो आणि शेवटी मुख्याध्यापक वार्षिक नियोजनाचा कागद पुढं सरकवतात. कप खाली ठेवता ठेवता सगळे सह्या करतात. मी स्वतः बरीच वर्षं तो कागद असाच सरकवलाय, म्हणून आज निवृत्तीनंतर पालक सदस्यांना सांगतोय: यंदा सही करायच्या आधी थोडी जोडणी लावून जा, म्हणजे वर्षात शिकवण्याचे तास खरंच किती होतात ते मोजून जा. समितीत चारातले तीन सदस्य पालक असतात, त्यामुळं तुमच्या सहीशिवाय तो कागद लंगडाच.

आधी शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाची प्रत मिळवा. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. परिशिष्ट दोन-तीन पानांचं आहे, त्यातल्या चारच आकड्यांखाली रेघ मारा. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. दिवस भरले की तास आपोआप भरतात, असं आमच्या शिक्षक मंडळींतही पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. एकदा एका पालकानं मला बैठकीतच ऐकवलं होतं, ‘गुरुजी, शाळा भरली की झालं न्हवं! तास कोण मोजतंय?’ मी हसून विषय संपवला. घरी जाऊन मोजले, तेव्हा हसू मावळलं.

ती मोजणी तुम्हीही करा. त्यासाठी शाळेच्या भिंतीवरचं वेळापत्रक मोबाईलवर फोटो काढून आणा. साडेदहा ते पाच शाळा, म्हणजे साडेसहा तास, असं धरायचं नाही. परिपाठ, जेवणाची सुट्टी, दोन लहान सुट्ट्या वजा करायच्या. (परिपाठ धरावा की नाही यावर वाद घालणारे भेटतील. बातम्या आणि सुविचार यांना मी तरी अध्यापन म्हणत नाही.) समजा रोज ३५ मिनिटांच्या ८ तासिका आहेत, म्हणजे ४ तास ४० मिनिटं. शनिवारी सकाळची शाळा, ५ तासिका, २ तास ५५ मिनिटं. आठवड्याचे झाले सव्वासव्वीस तास. आता शनिवार धरून २२० दिवस म्हणजे साधारण पावणेसदतीस आठवडे, आणि तास येतात ९६२. दिवस कायद्याप्रमाणं पुरे, तास ३८ नं कमी. पहिली ते पाचवीला याच हिशेबानं २०० दिवसांत ८७५ तास निघतात, तिथं चिंता नाही. खरी ओढाताण सहावी ते आठवीची आहे, तेव्हा बैठकीत वेळ तिथंच घालवा. १००० गाठायला या वेळापत्रकात २२९ दिवस लागतात. तुमच्या शाळेत तासिका ३० मिनिटांच्या असतील तर गणित आणखी बिघडेल.

उन्हाळ्याच्या सकाळच्या शाळेचं वेगळं पान करा, कारण वार्षिक कागदावर ती दिसतच नाही. मार्चच्या मध्यापासून सकाळची शाळा सुरू झाली आणि दिवसाला ३० मिनिटांच्या ७ तासिका उरल्या, तर रोज ७० मिनिटं गळतात. एप्रिलअखेरपर्यंत सोमवार ते शुक्रवार असे ३० दिवस धरले तर ३५ तास गेले. पत्र्याच्या खोलीत दुपारी पोरं बसवा असं मी म्हणणार नाही. पण स्लॅबच्या खोल्या आणि पंखे असलेल्या शाळेनं सकाळची शाळा दोन आठवडे उशिरा सुरू केली, तर पावणेबारा तास वाचतात. वरून तसं पत्र आलं असेल तर मात्र इलाज नाही, त्या मुदतीत ते पाळावंच लागेल.

सुट्ट्यांची यादी मागून घ्या. वर्षाच्या सुट्ट्या ७६ च्या वर जाऊ नयेत, असा दंडक आहे. शैक्षणिक दिनदर्शिका ठरवायचं काम कायद्यानं स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे आपल्याकडं जिल्हा परिषदेकडं किंवा महापालिकेकडं दिलंय, त्यामुळं दिवाळीची सुट्टी समिती हलवू शकत नाही. आपल्या हातात येते ती मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी. ती गावच्या म्हाईला, म्हणजे गावजत्रेला ठेवा. म्हाईला शाळा उघडी ठेवली तरी वर्गात कोण नसतं, आणि असलेल्या चार पोरांना शिकवलं म्हणून तास मांडणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. तीच गोष्ट जोतिबाच्या चैत्र यात्रेची, डोंगराच्या पायथ्याच्या गावांना.

आता पाऊस. इथं जरा थांबतो, कारण कोल्हापूर जिल्ह्यात तासांचं गणित जुलै-ऑगस्टमध्येच बुडतं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं ओढ्याला पाणी आलं की एसटी बंद, एसटी बंद की मास्तर आणि पोरं दोन्ही अडकले. खाली करवीर, हातकणंगले, शिरोळला पंचगंगेचं आणि कृष्णेचं पाणी चढतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे इथं शेंबडं पोरगंही सांगेल. पण ४३ च्या पुढं शाळेचं काय होतं, ते नियोजनात कुणी लिहीत नाही. शाळा निवारा केंद्र होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कितीतरी शाळांच्या वर्गात माणसं आणि पटांगणात जनावरं होती. पाणी ओसरलं म्हणजे शाळा सुरू झाली असंही नाही. गाळ काढणं, धुणं, फवारणी, भिजलेल्या दप्तरांचे पंचनामे, यात आणखी दिवस जातात. ते जायलाच हवेत, पुरातल्या माणसाला वर्गातून बाहेर काढा असं कोण म्हणेल? फक्त ते दिवस आधीच धरून ठेवा.

किती धरायचे, हे अंदाजानं ठरवू नका. मागच्या तीन वर्षांची शालेय पोषण आहाराची नोंदवही मागा. हजेरीपत्रकात काहीही असो, ज्या दिवशी खिचडी शिजली त्या दिवशी शाळा भरली, आणि तांदळाचा हिशेब सहसा कुणी रचून लिहीत नाही. त्या वहीतून पावसाचे बुडालेले दिवस काढा. समजा वर्षाला सरासरी ८ निघाले, तर सव्वासदतीस तास गेले. नियोजन २३० दिवसांचं असेल तर कागदावर १००६ तास दिसतात. त्यातून उन्हाळ्याचे ३५ आणि पावसाचे ३७ काढले की उरतात ९३४. दिवाळीनंतरचे १५ शनिवार पूर्णवेळ भरवले तर सव्वासव्वीस तास परत येतात, आणि सकाळची शाळा उशिरा नेली तर वर सांगितलेले पावणेबारा. तरी २८ तास कमीच. ते कुठून आणायचे, याला बैठकीतला पाऊण तास द्या. आमच्याकडं सर्वांत आधी जानेवारीतल्या स्नेहसंमेलनाच्या सरावाकडं बोट गेलं होतं. महिनाभर दुपारच्या तासिका नाचात जात होत्या. सराव पाच वाजल्यानंतर करायचं ठरलं, तेव्हा पालकच कुरकुरले.

शिक्षकांची बाजूही विचारून घ्या, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं नको. कायद्याच्या कलम २७ प्रमाणं शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. प्रत्यक्षात गेल्या वर्षी कोण, किती दिवस, कुठल्या कामाला बाहेर होतं, ते मस्टरवरून लिहून काढायला सांगा. मास्तरही मनापासून देतील ती माहिती. दोन शिक्षकी शाळा असेल तर आणखी एक प्रश्न: एका शिक्षकापुढं दोन इयत्ता बसल्या असतील तर तो तास दोन्ही इयत्तांना पूर्ण धरायचा का? कागदावर धरला जातो. टाचण वही (शिक्षकाची रोजच्या पाठाची नोंद) उघडून बघा, दुसऱ्या इयत्तेसमोर बहुतेक ‘स्वाध्याय’ लिहिलेलं दिसेल.

ऊसतोडीच्या पोरांचा विषय पत्रिकेत नसला तरी काढा. कारखान्यांचा हंगाम लागला की बीडकडच्या टोळ्या येतात, पोरं फडाजवळच्या शाळेत चार-पाच महिने बसतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांचे निम्मे तास तिकडच्या वहीत, निम्मे आपल्या, आणि बेरीज कुणाकडंच नाही. पोरं जाताना शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून सोबत द्यायचा कागद) भरून देताना त्यावर हजर दिवस लिहा, म्हणजे तिकडच्या मास्तरांना काहीतरी धरायला मिळेल. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड होता. फडातल्या बापाला आज दंड लावायचा कुणी आणि कशाचा?

बैठकीला जाताना एवढं पिशवीत असू द्या: परिशिष्टाची प्रत, वेळापत्रकाचा फोटो, सुट्ट्यांची यादी, आहाराच्या नोंदवहीतून उतरवलेले आकडे आणि साधा कॅल्क्युलेटर. मोबाईलवरचा नको, मधेच फोन येतो. महिला सदस्य निम्म्या असतात, पण बैठक दुपारी तीनला लावली की भांगलणीच्या दिवसांत त्या येत नाहीत. वेळ संध्याकाळची मागून घ्या. इतिवृत्तात ‘वार्षिक नियोजनास मंजुरी देण्यात आली’ असं छापील वाक्य लिहू देऊ नका. इयत्तावार तास आकड्यात, पावसासाठी राखलेले दिवस आकड्यात, भरपाईचे शनिवार तारखांसकट, आणि खाली सह्या. सप्टेंबरच्या बैठकीत तोच कागद पुन्हा काढायचा आणि तोवर प्रत्यक्ष किती तास झाले ते शेजारच्या रकान्यात लाल पेनानं लिहायचं.