गॅरेजच्या बिलाशी किंवा कामाशी सहमत नसाल तर

दुरुस्तीचे बिल सांगितलेल्या अंदाजाच्या दीडपट आले आणि त्यात न सांगितलेली कामेही दिसली, की पैसे न देता गाडी घेऊन निघावे असे वाटते. मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, वेगळा करार नसल्यास, केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला असतो. म्हणून काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा रक्कम शक्यतो कार्डाने किंवा यूपीआयने भरावी आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘रक्कम मान्य नाही, केवळ गाडी ताब्यात घेण्यासाठी भरली’ असे लिहून तारखेसह सही करावी. त्यांच्या प्रतीवर लिहू दिले नाही, तर तोच मजकूर लगेच व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पाठवावा.

गाडी बाहेर काढण्यापूर्वी जॉब कार्ड (गाडी देताना ठरलेली कामे गॅरेजने लिहिलेला कागद), एस्टिमेट आणि बिल शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी, आणि बदललेले जुने पार्ट तिथेच मागावेत. माझ्या दुचाकीच्या बिलात क्लच प्लेट बदलल्याची नोंद होती. मी त्या वेळी काही विचारले नाही आणि चार दिवसांनी गेलो तेव्हा जुन्या प्लेट भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले, जे खोटे ठरवण्याचा कोणताही मार्ग माझ्यापाशी उरला नव्हता. पक्के बिल देण्याचेच नाकारले, तर ती ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते; ‘जीएसटी वाचवू या’ या गोड प्रस्तावात पुरावा हरवतो तो आपला.

काम सदोष असल्याचे घरी आल्यावर लक्षात आले, तर दुसऱ्या मेकॅनिककडून ते घाईने दुरुस्त करून घेऊ नये, कारण एकदा पार्ट उघडून बदलला की आधी काय होते हे सांगणे अवघड होते. प्रथम ओडोमीटरच्या आकड्यासह फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ घ्यावा, दुसऱ्या गॅरेजकडून दोषाचे लेखी निदान आणि खर्चाचा अंदाज घ्यावा, आणि मगच पहिल्या गॅरेजला लेखी तक्रार द्यावी. तीत काय चुकले, काय हवे आणि किती दिवसांत हवे, एवढेच असावे. पंधरा दिवसांची मुदत पुरेशी आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटर असल्यास तीच तक्रार वाहन कंपनीकडेही पाठवावी.

उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. ही हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देत नाही. आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. गॅरेजला मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्याही दाखल करता येते. स्वतःची रिक्षा चालवून पोट भरणाऱ्यालाही ग्राहक म्हणून दाद मागता येते, आणि त्याने गाडी बंद राहिलेल्या दिवसांचा बुडालेला धंदाही भरपाईत मागावा. त्यासाठी गाडी गॅरेजला दिल्याच्या व परत मिळाल्याच्या तारखा जॉब कार्डावर नोंदवून घेतलेल्या असाव्यात.