भरलेल्या गाडीचा हिशेब : लांब पल्ल्याची मोटरसायकल कशी राखावी

मोटरसायकलची देखभाल आपण बहुतेक वेळा ती रिकामी असताना करतो. गाडी मेन स्टँडवर उभी असते, बॅगा काढून ठेवलेल्या असतात, मागे कोणी बसलेले नसते, आणि त्याच अवस्थेत आपण चेनची ढील पाहतो, टायरमध्ये हवा भरतो, हेडलाइटचा झोत ठरवतो. प्रवासाला निघताना मात्र त्याच गाडीवर दोन माणसे, तीन बॅगा आणि निम्मे कपाट चढलेले असते. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या तफावतीत असते, असे माझे मत आहे. म्हणून पुढचे सर्व विवेचन सामान चढवलेली गाडी डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

पहिला हिशेब वजनाचा. गाडीबरोबर आलेल्या मॅन्युअलमध्ये कमाल भारक्षमता दिलेली असते आणि बऱ्याच मोठ्या टूरिंग गाड्यांमध्ये ती 200 किलोच्या आसपास असते. हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो, पण त्यात काय काय मोजायचे ते पाहिले की चित्र बदलते. समजा, चालक 80 किलोचा आणि मागे बसणारी व्यक्ती 65 किलोची आहे. हेल्मेट, जॅकेट, बूट धरून प्रत्येकी 8 किलो वाढतात. दोन्ही बाजूंचे धातूचे बॉक्स, ते अडकवण्याचा सांगाडा आणि क्रॅश गार्ड मिळून सहज 20 किलो होतात. एकूण 181 किलो झाले आणि अजून एकही सदरा भरलेला नाही. उरलेल्या 19 किलोंत कपडे, हत्यारे, पाणी आणि तंबू बसवायचा आहे. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय बॉक्स विकत घेऊ नयेत, कारण सर्वांत मोठा बॉक्स घेतला की तो रिकामा ठेवण्याचा संयम फार थोड्यांना जमतो.

वजन किती आहे याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे असते. जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याच्या जितक्या जवळ ठेवता येतील तितक्या ठेवाव्यात. हत्यारे बाजूच्या बॉक्सच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात. दोन्ही बाजूंचे वजन घरच्या वजनकाट्यावर तोलून घ्यावे, हाताच्या अंदाजावर विसंबू नये. मागचा टॉप बॉक्स उंचावर आणि मागच्या चाकाच्याही पलीकडे असतो, त्यामुळे तिथला एक-एक किलो पुढच्या चाकावरचा भार हलका करतो आणि वेग वाढला की हॅन्डल हलू लागते. अनेक टॉप बॉक्सच्या झाकणाच्या आत 5 किलोच्या आसपासची मर्यादा छापलेली असते आणि ती गांभीर्याने घ्यावी. रेनकोट, मोजे, प्रथमोपचाराची पेटी अशा हलक्या पण पटकन लागणाऱ्या वस्तूंसाठी तो उत्तम. कापडी बॅगा वापरणाऱ्यांनी बांधलेल्या पट्ट्यांची मोकळी टोके आवर्जून गुंडाळून खोचावीत. माझ्या एका प्रवासात असेच एक हातभर टोक सुटून चेनमध्ये गेले. वेग कमी असल्यामुळे केवळ पट्टा आणि बॅग फाटण्यावर निभावले, पण स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, वितळून बसलेले नायलॉन सुरीने खरवडून काढायला दोन तास लागले.

भार चढला की मागचे सस्पेन्शन बसते आणि गाडीचे नाक वर होते. परिणामी वळणावर गाडी रुंद जाते आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. यावर उपाय मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, वाढवणे हा आहे. मागचे चाक अधांतरी असताना त्याच्या ॲक्सलपासून वरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजावे; मग सर्व सामान आणि माणसांसह गाडी सरळ उभी धरून तेच अंतर पुन्हा मोजावे. या दोहोंतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक-तृतीयांश असावा. म्हणजे हालचाल 150 मिलिमीटर असेल, तर फरक 50 मिलिमीटरच्या आसपास. फरक त्याहून बराच जास्त निघाला, तर प्रीलोड वाढवावा. प्रीलोड पूर्ण वाढवूनही फरक आटोक्यात येत नसेल, तर त्या वजनाला ती स्प्रिंग अपुरी आहे आणि अधिक कडक स्प्रिंग बसवणे किंवा सामान कमी करणे, एवढेच दोन मार्ग उरतात. हे झाल्यावर, शेवटी, हेडलाइट भिंतीवर पाडून त्याची उंची पाहावी.

टायरमधली हवा थंड टायरवर तपासायची असते, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी. भारासाठी मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असतो. एकट्यासाठी मागे 36 पीएसआय सांगणारी कंपनी पूर्ण भाराला 42 सांगू शकते. कमी हवेचा टायर दर फेरीत अधिक वाकतो, त्यामुळे आतून तापतो आणि त्याचे थर सुटू लागतात. उलट, चालून तापलेल्या टायरमध्ये दाब आपोआप वाढलेला दिसतो; तो पाहून हवा सोडण्याची चूक करू नये. टायरच्या बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. दीर्घकाळ सरळ रस्त्यावर चाललेला टायर मध्यभागी सपाट होतो आणि वळणावर गाडी कलवताना कडेवरून घसरल्यासारखी वाटते. अशा टायरची नक्षी कायद्यापुरती शिल्लक असली, तरी त्याच्यावर लांबचा प्रवास सुरू करू नये.

ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढणे घरीच शिकून घ्यावे आणि त्यासाठी जुना, टाकून देण्याजोगा टायर हा उत्तम गुरू आहे. खिळा उपसण्यापूर्वी तो कोणत्या कोनात शिरला आहे हे नीट पाहावे, कारण पुढची सर्व कामे त्याच कोनात करायची असतात. पक्कडीने खिळा काढल्यावर कानसासारखी सुई त्या छिद्रात दहा-बारा वेळा आत-बाहेर फिरवावी. रबर चिवट असते, हाताला चांगला जोर लागतो आणि नेमक्या याच टप्प्यावर नवखा माणूस छिद्र आता पुरेसे झाले म्हणून थांबतो. मग डिंक लावलेली पट्टी दुसऱ्या, नेढे असलेल्या सुईत मधोमध ओवून, तिची दोन्ही टोके बोटाच्या पेराएवढी बाहेर राहतील इतकीच आत दाबावी आणि सुई झटक्यात बाहेर ओढावी. हवा भरून वर थुंकी किंवा साबणाचे पाणी लावावे; बुडबुडा आला नाही, तर काम जमले. हा उपाय नक्षीच्या भागापुरताच आहे; टायरच्या बाजूच्या भिंतीला छिद्र पडले असेल, तर तिथे पट्टी टिकत नाही. शिवाय पट्टी लावलेल्या टायरवर वेग बेताचा ठेवावा आणि लवकरात लवकर तो तज्ज्ञाला आतून दाखवावा. तारांच्या चाकात ट्यूब असेल, तर हे सामान निरुपयोगी ठरते. तिथे टायर लिव्हर, पॅच आणि एक जादा ट्यूब बाळगावी लागते.

आता चेन. चेनऐवजी शाफ्टने (दांड्याने) मागचे चाक फिरवणाऱ्या गाडीवाल्यांनी मागच्या गिअरमधले ऑइल मुदतीत बदलावे आणि हा भाग ओलांडून पुढे जावे. चेनची ढील खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या मध्यावर मोजतात. रस्त्यावरच्या गाड्यांना ती बहुधा 25 ते 35 मिलिमीटर असते आणि उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना त्याहून जास्त. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक थोडे थोडे फिरवत तीन-चार ठिकाणी मोजावे आणि जिथे ती सर्वांत घट्ट आहे तिथला आकडा धरावा. गाडी कोणत्या स्टँडवर असताना मोजायचे हेही मॅन्युअलमध्ये सांगितलेले असते, कारण चाक अधांतरी असताना आणि जमिनीवर टेकलेले असताना ढील वेगवेगळी येते.

असे होण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पुढचे स्प्रॉकेट आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) ज्यावर फिरतो ती कडी एका जागी नसतात, त्यामुळे स्विंगआर्म वर-खाली झाला की पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या ॲक्सलचे अंतर बदलते. स्प्रॉकेट, कडी आणि ॲक्सल एका सरळ रेषेत आले की ते सर्वाधिक होते. भार चढला की गाडी नेमकी या स्थितीकडे सरकते. रिकाम्या गाडीवर नीटस दिसणारी ताठ चेन दोन माणसे बसली की तारेसारखी ताणली जाते आणि प्रत्येक खड्ड्यात तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर पडतो. एका वर्कशॉपमधून सर्व्हिस करून आणलेल्या माझ्या गाडीत एकट्याने चालवताना काही जाणवत नव्हते, पण मागे कोणी बसले की फूटरेस्टमधून बारीक गुणगुण पायाला लागत असे. चेन मोजली, तर ढील सांगितलेल्या मापाच्या निम्मी होती. तेव्हापासून मी प्रवासाआधी सामान चढवून, स्वतः बसून, दुसऱ्या कुणाला तरी खालून बोटाने चेन हलवायला सांगतो. त्या अवस्थेतही ती थोडी तरी हललीच पाहिजे. शंका असेल, तर चेन किंचित ढिली बरी.

आजच्या बहुतेक चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यामधले ग्रीस रबरी कड्यांनी आत बंद केलेले असते. ती रबरे जपणे हाच चेन जपण्याचा मार्ग आहे. धुण्यासाठी रॉकेल आणि मऊ ब्रश वापरावा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश रबराला हानी करतात. चाक हातानेच फिरवावे. इंजिन सुरू ठेवून, गिअर टाकून चेन पुसण्याच्या नादात अनेकांनी बोटे गमावली आहेत. ल्यूब दिवसाच्या शेवटी, चेन कोमट असताना, खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर मारावे, म्हणजे ते फिरण्याच्या जोराने बाहेरच्या दिशेने सर्वत्र पोहोचते आणि रात्रभर मुरते. साधारण 500 ते 800 किलोमीटरना एकदा, आणि पावसात भिजल्यास त्याच संध्याकाळी, हे काम करावे. मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढून पाहावी. निम्मा दात उघडा पडू लागला, तर ती संपली आहे. तेव्हा दोन्ही स्प्रॉकेटही बदलावेत, कारण झिजलेले दात नव्या चेनला थोड्याच दिवसांत आपल्या मापाचे करून घेतात.

इंजिन ऑइलबाबत एवढेच की क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल, तर डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (अशा क्लचसाठीची प्रत) लिहिलेलेच घ्यावे. कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे क्लच घसरू शकतो. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी धरून पाहावी, साइड स्टँडवर कलंडलेली असताना नव्हे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते: डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा 155 अंश आहे. भरलेली गाडी लांब घाट उतरताना ब्रेक सतत दाबला, तर त्या ओलाव्याची वाफ होते आणि लिव्हर पोकळ लागतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे, आणि घाटात इंजिनचा रोध वापरावा.

विजेच्या जादा उपकरणांचा हिशेब वॅटमध्ये करावा. समजा, अल्टरनेटर 400 वॅट देतो आणि फ्युएल पंप, इग्निशन व दिवे मिळून गाडी स्वतःच 250 वॅट घेते, तर हाती 150 उरतात. गरम होणाऱ्या ग्रिपना 40, जादा दिव्यांच्या जोडीला 40, मोबाइलला 15 वॅट लागले, तरी चालते. त्यात 80 वॅटचे गरम होणारे जॅकेट जोडले की तोटा सुरू होतो, आणि कमी आरपीएमला अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने चालत नाही हे वेगळेच. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, कारण त्याच्या अलीकडची वायर घासून चासिसला टेकली, तर तिला वाचवणारे काहीच नसते. वायर बांधून झाल्यावर हॅन्डल दोन्ही टोकांपर्यंत वळवून ती कुठे ताणत नाही ना, हे पाहावे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत.

इतर ॲक्सेसरीजमध्ये मी विंडस्क्रीन आणि सीट यांना अग्रक्रम देतो. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून रस्ता दिसावा, तिच्यातून नव्हे. पावसात हा फरक कळतो. क्रॅश गार्ड उपयोगी असतो, बाकीचे बरेचसे शोभेचे असते.

हत्यारांची पेटी दुकानातून तयार आणण्याऐवजी घरी भरावी. एका सुट्टीच्या दिवशी केवळ बरोबर नेणार त्या हत्यारांनी दोन्ही चाके काढावीत, चेन घट्ट करावी, बॅटरी सोडवावी, क्लच लिव्हर बदलावा. जे लागले नाही ते घरी ठेवावे आणि जे कमी पडले ते घ्यावे. बहुतेकांना मागच्या ॲक्सल नटाचा मोठा पाना कमी पडतो. त्याच्याबरोबर काही फ्यूज, चिकटपट्टी, प्लॅस्टिकचे टाय, सहा मिलिमीटरचे चार बोल्ट आणि एक क्लच लिव्हर ठेवावा. क्लचला केबल असेल, तर जादा केबल जुन्या केबलला समांतर आधीच ओवून ठेवावी, म्हणजे तुटल्यावर केवळ दोन टोके जोडायची राहतात.

परतल्यावर गाडी काही महिने उभी राहणार असेल, तर टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत ओलसर हवा राहत नाही, आणि टायरमध्ये पूर्ण हवा ठेवावी. बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली गेली की चार्जरला लावावी. प्रीलोड पूर्वीच्या खुणेवर आणावा आणि भारासह ठेवलेला आकडा एका चिठ्ठीवर लिहून ती सीटखाली चिकटवावी.