सही करायच्या आधी कागद घरी आणा

नव्या गाणाऱ्यांनो, कॉर्ड्स तुम्हाला येतात, गिग म्हणजे कार्यक्रम कसा मिळवायचा तेही कळतं, त्यामुळे त्यावर मी काही लिहीत नाही. मला एका कागदाबद्दल, पहिल्या कराराबद्दल सांगायचंय. त्यासाठी आधी अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनबद्दल बोलायला हवं. कामगाराच्या घरातून आलेला प्रत्येक रॉक गाणारा कधी ना कधी त्याचं नाव घेतो, पण गोष्ट अर्धीच सांगतो.

न्यू जर्सीतलं फ्रीहोल्ड. वडील डग्लस कधी गालिचाच्या गिरणीत, कधी बसवर, कधी तुरुंगात पहाऱ्यावर, आणि मधेमधे घरीच बसून. रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून बिअर घेत बसणारा बाप. पोराची गिटार त्यांच्या डोळ्यांत खुपायची. घर खरं चालायचं ते आईच्या, अ‍ॅडेलच्या पगारावर. तिने कर्ज काढून त्याला 60 डॉलरची गिटार घेऊन दिली. ही आई वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

1965 मध्ये तो कॅस्टाइल्स नावाच्या बँडमध्ये शिरला. टेक्स विनयार्ड नावाच्या कारखान्यातल्या कामगाराने आणि त्याच्या बायकोने या पोरांना तालमीला आपलं घर उघडं केलं. मला विचाराल तर नवख्याला पहिला गुरू असाच लागतो. ओळखी सांगणारा नको, तालमीला जागा देणारा आणि रात्री उशिरा काही खाल्लंस का विचारणारा हवा. 1969 मध्ये आईवडील कॅलिफोर्नियाला गेले. एकोणीस वर्षांचा ब्रूस मागे राहिला, पुढे सर्फबोर्ड बनवायच्या कारखान्यात राहून बँड चालवू लागला. कॅस्टाइल्सपासून धरली तर बार, क्लब, शाळांचे कार्यक्रम अशी सात वर्षं गेली, तरी रेकॉर्ड नाही. टीव्हीवरच्या स्पर्धेतून एका सीझनमध्ये नाव होतं असं मानणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, ती सात वर्षं टाळता येत नाहीत. टीव्हीवर आलात तरी ती नंतर भरावी लागतात, आणि तेव्हा लोक बघत असतात.

आता तो कागद. 1972 साल, ब्रूस बावीस वर्षांचा. माइक अ‍ॅपल नावाच्या माणसाचा त्याच्यावर खरोखर विश्वास होता. कोलंबिया रेकॉर्ड्स कंपनीतल्या जॉन हॅमंडसारख्या, बॉब डिलनला पुढे आणलेल्या माणसासमोर ब्रूसला गिटार घेऊन बसवलं ते त्यानेच. म्हणून त्याला खलनायक करू नका, सापळा तिथे नाहीच. ब्रूसने अ‍ॅपलच्या करारावर सही केली ती रात्री, पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर. सोबत वकील नाही.

त्या करारांची रचना समजून घ्या, कारण आजही नेमकी तीच पुढे येते. मॅनेजर अ‍ॅपलच, निर्मिती करणारी कंपनी त्याची, गाण्यांचे प्रकाशन हक्क, म्हणजे गाणं वापरलं की पैसे घ्यायचा हक्क, तोही तिच्याकडेच. कोलंबिया रेकॉर्ड्सचा करार थेट ब्रूसशी नव्हता, अ‍ॅपलच्या कंपनीशी होता, आणि ब्रूस त्या कंपनीशी बांधलेला. म्हणजे पैसा आधी मधल्या घरात जाणार, तिथून उरेल तो गायकाकडे येणार. शिवाय तुमच्या वतीने भांडायचं ज्याचं काम, त्याच्याशीच भांडायची वेळ आली तर तुमच्या बाजूला कुणी उरत नाही. तीन कागद, पण समोर माणूस एकच. असं दिसलं की थांबा.

1973 मध्ये दोन अल्बम आले, फारसे खपले नाहीत. ऑगस्ट 1975 मध्ये ‘बॉर्न टू रन’ आला आणि ऑक्टोबरात ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठांवर एकाच आठवड्यात त्याचा चेहरा होता. पण अ‍ॅपलशी बिनसलं आणि 1976 च्या जुलैत प्रकरण कोर्टात गेलं. ब्रूसला ‘बॉर्न टू रन’च्या निर्मितीत साथ दिलेल्या जॉन लँडाऊसोबत पुढचा अल्बम करायचा होता, कोर्टाने मनाई केली. देशभर नाव झालेला गायक मे 1977 मध्ये तडजोड होईपर्यंत स्टुडिओत जाऊ शकत नव्हता. बँड जगवायला गावोगाव कार्यक्रम करत राहिला. पुढचा अल्बम यायला जून 1978 उजाडला. तरुण गायकाची जवळजवळ तीन वर्षं!

माझी सही 2014 मधली. तेव्हा मी चिंचवडला राहत होतो, तेवीस वर्षांचा होतो. रात्रभर रेकॉर्डिंग करून पहाटे साडेचारला कागद पुढे आला. चार गाणी, शब्द आणि चाल माझीच. वाचायला मागितलं तर समोरच्याला अविश्वास वाटेल, असं मनात आलं. आपल्या घरांतून आलेली मुलं इथेच अडकतात. कुणी संधी देतंय याचंच इतकं ओझं होतं की प्रश्न विचारणं उद्धटपणा वाटतो. ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ या ओळीखाली माझी सही आहे. ती गाणी आजही माझ्या नावावर नाहीत. एक अजून लग्नाच्या व्हिडिओंत ऐकू येतं, तेव्हा मी खोलीबाहेर जातो.

घाबरू नका, कायदा आपल्या बाजूने बराच आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कुणाला लिहून देता येत नाही. माझा तो वाटा आहे हे मला चार वर्षांनी कळलं. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासदत्व आधी घ्या, अल्बम मग. आणखी एक: करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच समोरचे ते दोन शब्द आवर्जून घालतात. तेच आधी शोधा. मग सांगा, दोन दिवस द्या. दोन दिवसही थांबत नसेल त्याला खुशाल जाऊ द्या.

ब्रूसची आई वकिलाच्या ऑफिसात होती, हे मला फार लागतं. ज्या घरात कागद वाचणारं माणूस होतं, त्याच घरातल्या पोराने ते न वाचता सही केली.

माझे बाबा फिटर. युनियनच्या कमिटीत होते. वेतन करार झाला की गेटवर उभे राहून कलमन् कलम मोठ्याने वाचून दाखवायचे, मी लहानपणी ऐकलंय. गाण्याचा कागद मात्र मी त्यांना दाखवला नाही, त्यांना त्यातलं काय कळणार म्हणून. आता प्रत्येक करार आधी त्यांच्याकडे जातो, मग वकिलाकडे. मागच्या महिन्यात एक आला. चष्मा लावून, पट्टी ठेवून त्यांनी अकरा पानं दोन संध्याकाळी वाचली आणि सातव्या पानावर एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून माझ्याकडे सरकवलं. ‘कायमस्वरूपी.’