रोही, रानडुक्कर आणि राजकारण : वन्यजीवांविषयीच्या निर्णयांत आपले म्हणणे कसे मांडावे

मराठवाड्यात वन्यप्राण्यांचा प्रश्न जंगलात कमी आणि शिवारात जास्त आहे. विभागातील वनक्षेत्र मुळातच तुटपुंजे असल्याने रोही (नीलगाय), रानडुक्कर आणि काळवीट ही जनावरे गायरान, माळरान, नदीकाठची झुडपे आणि ऊस यांच्या आसऱ्याने राहतात व रात्री सोयाबीन, तूर किंवा कोवळ्या हरभऱ्यात उतरतात. त्यांचे काय करायचे याचा निर्णय मात्र शिवारात होत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने व वन्यप्राणी हे विषय समवर्ती सूचीत गेले. तेव्हापासून कायदा दिल्लीत ठरतो, मुख्य वन्यजीव रक्षकांचा (वनखात्यातील राज्याच्या वन्यजीव प्रमुखांचा) आदेश नागपुरातून निघतो, निधीचे वाटप पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीत होते आणि पंचनामा गावात होतो. या साखळीत शेतकरी, शस्त्र परवानाधारक आणि रानाची खरी माहिती असणारी माणसे बहुधा शेवटच्या कडीवरच उभी असतात.

हा विषय राजकीय कसा, हे २०१६ मध्ये सर्वांनी पाहिले. केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांना ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी, म्हणजे कायद्याचे संरक्षण काढून घेतलेले, घोषित केले होते. बिहारमध्ये रोही मोठ्या संख्येने मारले गेल्यावर केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण खात्यावर उघड टीका केली, तर पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी हे निर्णय राज्यांच्या मागणीवरून झाल्याचे सांगितले. वाद प्राणिप्रेमाचा की पिकांचा, हे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. ज्या राज्याने लेखी मागणी आणि आकडे पाठवले, त्याच्या बाजूने अधिसूचना निघाली. पुढील सर्व पायऱ्या या एका अनुभवावर आधारलेल्या आहेत.

पहिली पायरी : कोणता प्राणी कोणत्या अनुसूचीत आहे, ते पाहावे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीने कायद्यातील सहा अनुसूचींच्या (याद्यांच्या) चार केल्या. काळवीट, बिबट्या, लांडगा आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. रोही व रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम ६२ नुसार केंद्र सरकार केवळ दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला, विशिष्ट क्षेत्रापुरते आणि विशिष्ट मुदतीपुरते, उपद्रवी ठरवू शकते. कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाल्याची खात्री पटल्यास कारणांसह लेखी आदेशाने त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी पिकाचे नुकसान हे कारण चालत नाही. तो माणसाच्या जिवाला धोकादायक असावा लागतो किंवा बरा न होण्याइतका जायबंदी अथवा आजारी असावा लागतो.

म्हणूनच ‘काळवीट मारण्यास परवानगी मिळावी’ असा ठराव वैजापूरकडच्या एखाद्या ग्रामसभेने कितीही एकमताने केला, तरी तो कायद्यात बसत नाही आणि फाईल तिथेच थांबते. त्या गावाने काळविटांचे शास्त्रीय पद्धतीने स्थलांतर मागावे. मध्य प्रदेशातील शाजापूर जिल्ह्यात २०२५ मध्ये हेलिकॉप्टर आणि बोमा पद्धतीने (नरसाळ्यासारख्या कुंपणात कळप हाकून) काळवीट व रोही पकडून संरक्षित क्षेत्रांत हलवण्यात आले, त्यामुळे ही मागणी आता हवेतली राहिलेली नाही.

दुसरी पायरी : नुकसान कागदावर आणावे

सर्वांत जास्त कंटाळा याच पायरीचा येतो आणि सर्वांत जास्त बळ हीच पायरी देते. नुकसान झालेले असूनही ‘त्या तीन-चार हजारांसाठी कोण चकरा मारणार’ असे म्हणून शेतकरी अर्ज करत नाही. अर्ज नाही म्हणजे सरकारी नोंदीत त्या गावात रोहीच नाही. पुढे आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला की खात्याकडून उत्तर येते ते याच नोंदींवरून, आणि त्यात तालुक्यातील नुकसान नगण्य दिसते. भरपाईचा अर्ज हा पैशांपुरता कागद नाही. त्या हंगामातील ती गावाची शिरगणती आहे.

नुकसान दिसताच, तीन दिवस उलटू न देता, वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. अर्जासोबत सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडावी, गट क्रमांक व बाधित क्षेत्र स्पष्ट लिहावे. पंचनाम्याला येणाऱ्या पथकाबरोबर स्वतः फिरावे, कारण कोणत्या प्राण्याने नुकसान केले हे खुणांवरून ठरते आणि त्या खुणा एका पावसात पुसल्या जातात. रानडुकराने नासवलेला पट्टा उकरलेला, कुदळीने खणल्यासारखा दिसतो. झाडे मुळासकट उलथलेली असतात आणि भुईमूग असेल तर शेंगांची टरफले मातीत विखुरलेली मिळतात. रोही उकरत नाही, ते शेंडे आणि शेंगा ओरबाडते आणि कळपाच्या वाटेवर पीक आडवे होते. शिवाय ते पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकते, त्यामुळे बांधावर किंवा पडीक तुकड्यात लेंड्यांचा मोठा ढीग सापडतो. त्या ढिगाचा आणि खुराच्या ठशाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, तारीख व ठिकाण उमटेल असा फोटो घ्यावा. पंचनाम्यावर ‘वन्यप्राण्याने नुकसान’ असे मोघम न लिहिता प्राण्याचे नाव लिहून घ्यावे. त्याशिवाय सही करू नये.

एक इशारा इथेच दिलेला बरा. कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात जनावरापेक्षा शेजारचा शेतकरी किंवा राखणीला गेलेला घरचाच माणूस दगावल्याच्या घटना दरवर्षी घडतात. अशा एका प्रकरणाने संपूर्ण गावाची बाजू कमकुवत होते.

तिसरी पायरी : ग्रामसभेचा ठराव नेमका लिहावा

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभांत विषयपत्रिकेवर हा विषय आधीच घ्यायला लावावा. ऐनवेळच्या विषयांत घेतलेला ठराव कागदावर दुबळा दिसतो. ‘वन्यप्राण्यांचा बंदोबस्त करावा’ हे वाक्य अधिकाऱ्याच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण त्यावर करण्यासारखे काहीच नसते. ठराव साधारणपणे असा असावा :

‘मौजे ____ येथे या खरीप हंगामात ____ खातेदारांच्या ____ हेक्टर पिकाचे रोही व रानडुक्कर यांच्यामुळे नुकसान झाले असून त्याचे ____ पंचनामे झाले आहेत (प्रती सोबत). सबब वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ अन्वये प्राधिकृत अधिकाऱ्यांनी स्थळपाहणी करून दुसऱ्या अनुसूचीतील या प्राण्यांबाबत कारणांसह निर्णय द्यावा, तसेच सामूहिक सौर कुंपणासाठी जिल्हा नियोजन समितीतून तरतूद व्हावी, असा ठराव ही ग्रामसभा करीत आहे.’

एकाच ठरावाच्या प्रती वनपरिक्षेत्र अधिकारी, उपवनसंरक्षक, जिल्हाधिकारी आणि आमदार यांना द्याव्यात. दहा-बारा लगतच्या गावांनी एकाच महिन्यात असे ठराव केले, तर प्रश्न गावाचा न राहता तालुक्याचा होतो. जिल्हाधिकाऱ्यांना प्रत देण्यामागे मराठवाड्यापुरते आणखी एक कारण आहे. येथील रोही आणि काळवीट ज्या गायरानांवर राहतात, ती जमीन बहुतेक ठिकाणी महसूल खात्याच्या अखत्यारीत असते. गायरान एखाद्या प्रकल्पाला दिले गेले की कळप शेजारच्या शेतात येतात आणि त्याची तक्रार वनखात्याकडे जाते. हे दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत ही नेहमीची तक्रार खरीच आहे. निदान दोघांच्या टेबलावर एकच कागद असावा.

चौथी पायरी : योग्य दार, योग्य वेळी

विधिमंडळाची तीन अधिवेशने असतात; हिवाळी अधिवेशन नागपूरला आणि अर्थसंकल्पी व पावसाळी मुंबईला. तारांकित प्रश्नासाठी (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) आमदारांना सूचना बरीच आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन जाणे म्हणजे वरातीमागून घोडे. निवेदनाऐवजी तयार प्रश्न द्यावा: या तालुक्यात किती अर्ज आले, किती प्रलंबित आहेत, कलम ११ खाली किती परवानग्या मागितल्या गेल्या आणि किती दिल्या? उत्तर आले नाही तर हीच माहिती माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागावी. मुदत तीस दिवसांची असते. कलम ६२ ची मागणी मात्र राज्य शासनामार्फत केंद्राकडे जाते, त्यामुळे तिथे खासदारांचा पाठपुरावा लागतो.

सध्या सर्वांत निकडीचा विषय पीक विम्याचा आहे. वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान खरीप २०२६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीचे जादा संरक्षण म्हणून घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यात नुकसानीची सूचना फोटोसह ७२ तासांत द्यायची आहे. पण कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे धरायचे, याची यादी राज्याने अधिसूचित करायची आहे. बीड, धाराशिव किंवा हिंगोली त्या यादीत असावे की नाही, हे जुन्या पंचनाम्यांच्या संख्येवरच ठरणार. दुसऱ्या पायरीवर एवढा भर देण्याचे कारण हे आहे.

पाचवी पायरी : समित्यांतील रिकाम्या खुर्च्या

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बहुतेक गावांत ही समिती कागदोपत्रीच असते, म्हणजे काम करू इच्छिणाऱ्याला तिथे जागा आहे. अभयारण्यालगतच्या गावांनी, उदाहरणार्थ गौताळा-औट्रमघाट, नायगाव मयूर, येडशी रामलिंग घाट किंवा पैनगंगा परिसरातील, वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३३-ब खालील सल्लागार समितीची विचारणा करावी. तीत स्थानिक आमदार आणि पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात. सर्वांत वर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य वन्यजीव मंडळ आहे. त्यात तज्ज्ञांच्या जागांपैकी किमान दोन अनुसूचित जमातींच्या प्रतिनिधींसाठी असतात. ज्या पारधी समाजाला जनावराची वाट, वेळ आणि सवय पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांना रानाविषयी विचारणारा कोणी नसावा आणि संशय तेवढा पहिल्यांदा त्यांच्यावर यावा, हे मला या साऱ्या व्यवस्थेतले मोठे वैगुण्य वाटते.

सीमा ठरतात तेव्हा गप्प राहण्याची किंमत शेजारच्या सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांनी मोजली आहे. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे जाहीर झाले, त्यात गावे, बागायती शेते आणि बाजारपेठाही आल्या, जमिनीचे व्यवहार अडले आणि पक्ष्याविषयी लोकांच्या मनात अढी बसली. तीन दशकांनंतर ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर माळढोक दिसेनासा होत चालला होता. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची (अभयारण्याभोवतीच्या निर्बंध असलेल्या पट्ट्याची) प्रारूप अधिसूचना निघाल्यावर हरकतींसाठी साठ दिवस मिळतात. नकाशा गट क्रमांकांशी ताडून त्या मुदतीतच लेखी हरकत किंवा पाठिंबा द्यावा.

शस्त्र परवानाधारकांनी काय करावे

आपल्याकडे शिकार हा खेळ म्हणून बंद आहे आणि तो बंदच राहावा, असे माझे मत आहे. तरीही निष्णात नेमबाजाची गरज संपलेली नाही. २०२० च्या अखेरीस आष्टी आणि करमाळा तालुक्यांत माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याला डिसेंबरमध्ये अधिकृत आदेशानंतर गोळी घालण्यात आली, तेव्हा वनखात्याबरोबर खासगी परवानाधारक नेमबाजही होते. असा प्रसंग आल्यावर माणसे शोधत बसण्यापेक्षा परवानाधारकांनी आपली नावे, शस्त्राचा प्रकार आणि परवान्याची वैधता उपवनसंरक्षकांकडे आधीच लेखी द्यावी. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठीही परवाना मिळतो, परंतु तो परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. कलम ११ चा आदेश स्वतंत्र लागतो.

आदेश मिळाल्यावर त्यातील गट क्रमांक, संख्या आणि मुदत यांबाहेर एक गोळीही झाडू नये. मारलेले जनावर शासनाची मालमत्ता असते, त्यामुळे त्याला हात न लावता वनरक्षकाला बोलवावे, पंचनामा करून घ्यावा आणि नर-मादी, अंदाजे वय, वेळ व ठिकाण यांची नोंद स्वतःच्या वहीतही करावी. हंगाम संपल्यावर त्या नोंदीची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्यावी. पुढच्या वर्षीचा ठराव लिहिताना परवानगीनंतर पिकाचे नुकसान कमी झाले की कळप फक्त शेजारच्या शिवारात सरकला, हे त्या नोंदीवरून सांगता येते, आणि कळप सरकलाच असेल तर त्या शिवारातील ग्रामपंचायतीला सोबत घेऊनच पुढचा अर्ज करावा.