संकष्टी धरताय? या चुका टाळा

‘या महिन्यापासून संकष्टी धरते गं’ असं म्हणून सुरुवात होते आणि चौथ्या महिन्यात गाडी अडते. कारण किती करायच्या हेच ठरलेलं नसतं. व्रत धरायचं तर हातात पाणी-अक्षता घेऊन देवापुढे आकडा बोलायचा आणि पाणी ताम्हनात सोडायचं. पण बोलण्याआधी हिशेब करा. वर्षाला संकष्ट्या 12, अधिक महिना आला तर 13. म्हणजे 21 म्हणालात तर जवळपास पावणेदोन वर्षं झाली.

सगळ्यात जास्त घोळ चंद्रोदयाचा. मी लग्न होऊन नागपूरला आले, तेव्हा पहिल्या संकष्टीला माहेरून आणलेल्या कॅलेंडरातली मुंबईची वेळ धरून बसले होते. मोदक थंड होत होते. सासूबाई गच्चीवरून खाली आल्या आणि म्हणाल्या, “अगं, चंद्र केव्हाचा वर आलाय, तू कोणाची वाट पाहतेस?” नागपूर मुंबईच्या पूर्वेला, त्यामुळे तिथे चंद्र साधारण 25 मिनिटं आधीच उगवतो. आपल्या गावाची वेळ बघा. परदेशात असाल तर तिथलंच पंचांग बघा, कारण संकष्टी ठरते चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असण्यावर, आणि अमेरिकेत ती कधीकधी आपल्या आदल्या तारखेलाच येते.

श्रावणात ढग असले की काहीजण रात्री अकरापर्यंत उपाशी ताटकळतात. गरज नाही. पंचांगातली वेळ झाली की पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्या, आरती करा, नैवेद्य दाखवा आणि जेवा.

फराळाबद्दल काय बोलावं! सकाळी खिचडी, दुपारी वेफर्स, चारला बटाट्याचा कीस. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण संकष्टीलाही लागू पडते. आणि साबुदाणा शास्त्रातला आहे असं कोणी ठासून सांगितलं तर हसून सोडून द्या. तो ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटाही तिकडचाच.

याउलट काहीजण औषधाची गोळीसुद्धा घेत नाहीत. ही चूक मात्र महागात पडते. शास्त्रात स्पष्ट श्लोक आहे, ‘अष्टौ तान्यव्रतघ्नानि’: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, औषध अशा आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपास धरण्याआधीच डॉक्टरांना विचारा. दिवसभर उपाशी राहून नेहमीचाच डोस घेतला तर साखर एकदम उतरू शकते.

विसरून ऑफिसात पोह्यांचा घास गेला, तर ‘मोडलाच आता’ म्हणत दुपारी डबा उघडू नका. उरलेला दिवस पाळा. आमच्याकडे अशी संकष्टी मोजत नाहीत, शेवटी एक वाढवतात. उद्यापन त्यानंतर.