न्यूरॉलॉजीच्या ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर व्हायचंय? मग आधी विचारायला शिका

फिजिओथेरपी, बी.फार्म., बीएएमएस, नर्सिंग किंवा बायोटेक झालेली मुलं-मुली माझ्याकडे चौकशीला येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा कुठून करू? मी स्वतः फिजिओथेरपी करून पुण्यात न्यूरॉलॉजीच्या ट्रायल्सवर, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांवरच्या उपचारांच्या चाचण्यांवर, रुग्णांशी संपर्क आणि नोंदी सांभाळणारी कोऑर्डिनेटर म्हणून काम करते, आणि माझं मत असं की डिप्लोम्यावर मोठी रक्कम घालण्याची घाई करू नये. जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, ट्रायल नीट चालवण्याचे नियम) प्रशिक्षण मात्र हवंच. आपल्याकडचे २०१९चे ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स’ आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं स्वतः वाचून काढा. सीटीआरआय या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर भारतात नोंदवलेली प्रत्येक ट्रायल कुणालाही पाहता येते. त्यातल्या स्ट्रोक, पार्किन्सन, अपस्माराच्या दहा-वीस नोंदी उघडून कुणाला घेणार, कुणाला वगळणार आणि मुख्य निष्कर्ष कशावर ठरणार एवढंच बघा. या वाचनातून जे कळतं ते बऱ्याच वर्गांमध्ये शिकवत नाहीत.

साइटवरच्या (म्हणजे जिथे ट्रायल चालते त्या रुग्णालयातल्या) नोंदवह्या, नोंदींबद्दल आलेल्या शंका म्हणजे क्वेरी, त्या तपासायला येणाऱ्या मॉनिटरची व्हिजिट, एथिक्स कमिटीचा पत्रव्यवहार ही कामं सगळ्याच विषयांच्या ट्रायल्समध्ये असतात आणि सहा महिन्यांत हातात बसतात. न्यूरॉलॉजीचं वेगळेपण मोजमापात आहे. रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम यंत्र सांगतं. स्ट्रोकच्या बहुतेक ट्रायल्सचा निकाल मात्र तीन महिन्यांनी रुग्णाला आणि घरच्यांना विचारलेल्या प्रश्नांवर ठरतो. त्यासाठी मॉडिफाइड रँकिन स्केल वापरतात. त्यात शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला आणि सहा म्हणजे मृत्यू. दोन आणि तीनच्या मधली रेघ सर्वांत महत्त्वाची असते, कारण बऱ्याच ट्रायल्समध्ये दोनपर्यंत ‘चांगला परिणाम’ धरतात. माणूस स्वतःचं स्वतः बघतो की त्याला कुणाची तरी मदत लागते, एवढाच तो फरक.

आता फोनवरचं संभाषण ऐका. “काका आंघोळ स्वतः करतात का?” काकू लगेच सांगतात, “हो हो, सगळं स्वतः करतात.” इथे थांबलात तर दोन लिहून मोकळे व्हाल. पण पाणी कोण काढून देतं, कपडे कोण घालतं, तुम्ही तेव्हा कुठे असता असं एकेक विचारत गेलात, की कळतं काकू दाराबाहेर उभ्या असतात, पाठ त्याच चोळतात आणि शर्टाची बटणंही त्याच लावतात. हे निदान तीन झालं. काकू खोटं बोलत नव्हत्या. नवऱ्याचं करणं त्यांच्या लेखी मदतीत मोडतच नाही. उलट प्रकारही होतो. “स्वयंपाक करता येतो का?” याला काका “नाही” म्हणतात, पण त्यांनी आयुष्यात कधी गॅस पेटवलेला नसतो. म्हणून प्रत्येक प्रश्नाआधी आजारापूर्वी काय करत होता ते विचारायचं: मोटर सुरू करायला शेतावर जात होता का, बँकेचं कोण बघायचं, भाजी कोण आणायचं. आणि हे विचारणाऱ्याला रुग्ण कुठल्या गटात आहे (नवा उपाय मिळालेल्या की न मिळालेल्या) हे शक्यतो माहीत नसावं.

इतकं खोदून का विचारायचं, ते भारतातल्याच दोन मोठ्या ट्रायल्सवरून कळतं. अटेंड या ट्रायलमध्ये १४ रुग्णालयांतल्या १२५० स्ट्रोक रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवली होती. कल्पना इतकी पटणारी की उपयोग होणारच असं कुणालाही वाटावं. २०१७मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. स्प्रिंट इंडिया ट्रायलमध्ये ३१ केंद्रांवर चार हजारांहून अधिक रुग्ण होते. पुन्हा झटका येऊ नये म्हणून एका गटाला प्रादेशिक भाषांतून एसएमएस, व्हिडिओ आणि पुस्तिका दिल्या. तिथेही फरक दिसला नाही आणि ट्रायल मध्येच थांबवली. अशा निकालांनी मला फार बळ येतं. “पेशंट किती छान सुधारलाय” म्हणून प्रत्येक केंद्रावर कुणी उपाय मिळालेल्या रुग्णांचा स्केलवरचा आकडा प्रेमाने एकेकाने उतरवला असता, तर न चालणारा उपाय देशभर राबवला गेला असता आणि खरंच उपयोगी पडेल अशा कामाला लागणारे पैसे त्यात गेले असते.

स्ट्रोकमध्ये वेळ विचारणंही शिकावं लागतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीला तीन तासांपर्यंत देत. २००८च्या अभ्यासानंतर ती मर्यादा साडेचार तासांवर गेली. नातेवाईक सांगतात, “सकाळी सहाला झालं.” सहाला झालं, की सहाला दिसलं? रात्री झोपताना शेवटचं ठणठणीत कुणी पाहिलं, मध्ये लघवीला उठले होते का, मोबाइलवर शेवटचा कॉल कधीचा, हे विचारल्याशिवाय घड्याळ सुरू करता येत नाही.

अशा धावपळीत ट्रायलची संमती घ्यायची असते. आधी नेहमीचे उपचार, ते कुणासाठीही थांबत नाहीत. रुग्णाला बोलता येत नसेल तर कायद्याने मान्य प्रतिनिधी सही करतो, आणि त्यालाही वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो. प्रत्यक्षात मुलगा समोर असतो आणि निर्णय गावाकडचे मामा फोनवर घेतात. फोन स्पीकरवर ठेवा, मामांनाही तेच सगळं सांगा. “आमच्यावर प्रयोग करणार का?” असं ते विचारतील. “नाही नाही” म्हणू नका. हो, हा अभ्यास आहे. हे औषध नेहमीपेक्षा चांगलं आहे का ते अजून ठाऊक नाही. कुणाला कुठला गट ते संगणक ठरवतो, डॉक्टरसुद्धा नाही. नाही म्हणालात तरी उपचारात काही कमी होणार नाही. एवढं स्वच्छ सांगितल्यावर कुणी नकार दिला, तर ती संमतीची प्रक्रिया नीट झाली असं मी मानते.

पार्किन्सनच्या ट्रायलमध्ये काही तपासण्या ‘ऑफ’ अवस्थेत होतात, म्हणजे आदल्या रात्रीपासून निदान बारा तास लेव्होडोपा ही पार्किन्सनची नेहमीची गोळी घ्यायची नाही. साताऱ्याहून पहाटे निघालेल्या आजोबांचे हात इतके ताठरलेले असतात की चहाचा कप धरवत नाही. त्यांना सकाळची पहिलीच वेळ द्या, व्हीलचेअर गेटवर न्या, गोळी आणि पाणी टेबलावर तयार ठेवा, आणि तपासणी संपताक्षणी गोळी द्या. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, यातलं फारसं काही लिहिलेलं नसतं.

अपस्मारात सगळा हिशेब फिट्सच्या डायरीवर असतो. आपण छापील डायरी देतो, घरी मात्र आई कालनिर्णयवर पेनाने फुल्या मारते. ते कॅलेंडर घेऊन यायला सांगा, त्या पानाची प्रत फाइलला लावा. तीच खरी मूळ नोंद. तरुण मुलींच्या बाबतीत फोन कुणाच्या नंबरवर आणि कधी करायचा हे पहिल्याच भेटीत ठरवून लिहून ठेवा. आजार सासरी सांगितलेला नसतो, आणि आपल्या एका फोनने तिचा संसार अडचणीत येऊ शकतो.

गंभीर प्रतिकूल घटना चोवीस तासांत कळवायची असते. आजोबा पडले, तालुक्याच्या रुग्णालयात दाखल झाले, पण “हाड मोडलं, त्याचा मेंदूच्या गोळीशी काय संबंध” म्हणून घरचे कळवत नाहीत. म्हणून प्रत्येक फोनवर “तब्येत कशी आहे” यावर न थांबता, कुठे पडलात का, कुठे ॲडमिट झालात का, दुसऱ्या डॉक्टरांनी काही नवीन सुरू केलं का, हे वेगवेगळं विचारा.

नोकरीचं म्हणाल, तर सुरुवात साइटवर करा, थेट रुग्णालयात किंवा साइट मॅनेजमेंट कंपनीमार्फत. पगार सुरुवातीला बेताचा असतो. पुढे सीआरए (क्लिनिकल रिसर्च असोसिएट, म्हणजे वर म्हटलेला मॉनिटर) होऊन कंपनीत जायचं असेल तरी दोन वर्षं रुग्णांसमोर काढलेली बरी. मुलाखतीला जाताना त्या विभागात सध्या चालू असलेली एक ट्रायल सीटीआरआयवरून वाचून जा, आणि तिचा मुख्य निष्कर्ष ज्या प्रश्नांवर ठरतो ते कोण, कधी, कुठल्या भाषेत विचारतं, हे तुम्हीच त्यांना विचारा.