कंडोम कॅथेटर गळतोय? आधी हे बघा

बाबांना रात्री कंडोम कॅथेटर (लिंगावर कंडोमसारखं चढवायचं आवरण, त्यातून लघवी नळीने बॅगेत जाते) लावला आणि सकाळी चादर ओली, तर बहुतेक वेळा साइझच चुकलेला असतो, मापपट्टीने मोजूनच घ्या, अंदाजाने नको. त्वचा साबणाने धुवून पूर्ण कोरडी करा, तेल पावडर क्रीम काहीच नको नाहीतर चिकटत नाही, लावल्यावर हाताने 10-15 सेकंद हलकं धरून ठेवा. लिंगाचं टोक आणि कॅथेटरचं टोक यांच्यात 1-2 सेंमी जागा सोडा. नळी पिळली नाही ना बघा, बॅग कायम कमरेच्या खाली. 24 तासांनी बदला. वरून साधी चिकटपट्टी आवळून गुंडाळू नका प्लीज, रक्तपुरवठा थांबतो!! सूज, निळसर रंग दिसला की लगेच काढा. नळी मोकळी असून लघवीच येत नाही, पोट फुगलंय, तर थेट डॉक्टर.